कापसाच्या भिंती

वरच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते पाण्याची वेळ बदललीय हे सांगायला. मी दार उघडलं. त्यांनी चपला काढल्या, एक पाऊल आत टाकलं आणि काही बोलायच्या आधी एक टाळी वाजवली. एकच, पण खणखणीत. मग मान जराशी तिरकी करून थांबले. टाळीच्या मागोमाग हॉलमधून 'टर्रर' असा पत्र्यासारखा आवाज धावत गेला. तो आवाज आमच्या घरात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"फार कडक आहे हो तुमचा हॉल," ते म्हणाले. "आणि पाणी उद्यापासून साडेपाचला."

एवढं बोलून ते जिना चढून वर गेले.

ही नव्वदच्या थोडी आधीची गोष्ट. परळची दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरात, ओनरशिपचा फ्लॅट घेतला होता. मी, माझा नवरा आणि सासूबाई. हॉल एवढा मोठा की त्यात काय ठेवायचं हेच कळेना. दोन खुर्च्या, टीव्ही, एक लोखंडी खाट. बाकी चकचकीत मोझॅइक आणि पांढऱ्या भिंती. मला त्या रिकाम्या भिंतींचं फार अप्रूप होतं. मी त्यांवर कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं.

काकांना आख्खी बिल्डिंग 'टाळीवाले काका' म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. कुणाच्याही घरी गेले की पहिली टाळी. बारशाला गेले तरी टाळी, सत्यनारायणाला गेले तरी टाळी. एकदा तळमजल्यावरचे एक आजोबा वारले, तेव्हा भेटायला गेलेले काका दारात उभे राहिले आणि सवयीने त्यांचे हात वर आले. काकूंनी मागून ते दोन्ही हात धरून खाली आणले. हे मी स्वतः पाहिलंय.

माणसाची पारख ते त्याच्या घराच्या आवाजावरून करायचे. "मऊ घर आहे," हे त्यांचं मोठ्यात मोठं कौतुक. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभींकडे सोफे, गालिचे, जाड पडदे. तिथून ते खूश होऊन यायचे. "भाभी बहोत बोलतात," काकू म्हणायच्या. "बोलू देत की," काका म्हणायचे, "त्यांच्या घरात बोललेलं कळतं."

चोवीस वर्षं ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. शेकडो माग एका छपराखाली. शेजारच्या माणसाने कानात ओरडून सांगितलं तरी कळायचं नाही. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. पुढे गिरणी बंद पडली तेव्हा काकांचे कान निम्मे गेलेले होते. भाईंदरला आल्यावर स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं. एक दिवस गेले, दुपारच्या सुट्टीत परत आले. "उरलेले कान तिथे द्यायचे नाहीत," असं काकूंना सांगितलं आणि कमी पगारावर नवघरातल्या एका गाद्यांच्या दुकानात खोळी शिवायला लागले. दुकानाचा मालक गावातलाच आगरी. तो म्हणायचा, "काकांचं डोकं जाग्यावर हाय. फकत कानापायी येडं झालंय."

त्यांना वेडं म्हणायचं कारण त्यांची खोली होती.

त्यांच्या घरात एकच बेडरूम. तिथे काका-काकूंनी झोपायचं सोडून रेकॉर्ड प्लेअर ठेवला होता, आणि दोन लाकडी स्पीकर, जे काकांनी स्वतः जुन्या कपाटाच्या फळ्यांतून केले होते. झोपायचे दोघं हॉलमध्ये. खोलीच्या भिंतींवर लाकडी चौकटी, चौकटींत दाबून भरलेला कापूस, वर गोणपाट शिवलेलं. खाली काथ्याची चटई आणि तिच्यावर सतरंजी. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत गाद्यांच्या उभ्या वळकट्या. आवाजातला जड भाग कोपऱ्यात जाऊन घुमत बसतो, त्याला तिथेच अडवायचा, असं ते सांगत. समोरच्या भिंतीला गोधड्या. काकूंच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या.

"माझं लग्नातलं लुगडं त्या भिंतीला आहे," काकू मला पहिल्यांदा खोली दाखवताना म्हणाल्या. तक्रार होती की अभिमान, मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गिरणीत कापसाचं गोदाम होतं. गाठी रचलेल्या, छतापर्यंत. साचेखात्यातून निघून तिथे दोन गाठींच्या मधे उभं राहिलं ना ताई, की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मी डबा खायला तिथेच जायचो. तेव्हाच ठरवलं, कधी स्वतःची खोली झाली तर अशी."

माझा त्या खोलीशी संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी विमा कंपनीत कारकून. काकांना रद्दीत कुठलीशी इंग्रजी मासिकं मिळाली होती, घरात गाणं ऐकायची खोली कशी करावी, यावरची. ती घेऊन ते रविवारी दुपारी आमच्याकडे यायचे, नाहीतर मी वर जायची. मी त्यांच्या कानाशी, मोठ्याने, वाचून मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच "बरोबर," म्हणायचे. लिहिणाऱ्याला शाबासकी दिल्यासारखं. त्यात एका ठिकाणी आरशाची युक्ती होती. ऐकणाऱ्याने आपल्या जागेवर बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यायचा. जिथे बसलेल्याला आरशात स्पीकर दिसेल, तिथून आवाज आपटून कानात येतो. तेवढीच जागा मऊ करायची. ते ऐकून काका उठलेच. आख्खी दुपार मी दाढीचा आरसा धरून भिंतीकडेने सरकत होते आणि काका खुर्चीतून ओरडत होते, "मागे! थोडं मागे! हां, दिसला बघा!" त्या दिवशी त्यांनी तीन चौकटी उखडून हातभर पुढे नेल्या.

बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलांनी त्यांना सांगितलं होतं की भिंतीला अंड्याचे ट्रे लावा, स्टुडिओत तेच असतात. काकांनी बेकरीतून ट्रे आणून एक आख्खा महिना लावून पाहिले. मग सगळे परत केले. "अंड्यांसाठी चांगले आहेत," एवढंच म्हणाले.

सोसायटीची एक मीटिंग मला आठवते. स्टिल्टखाली, गाड्यांच्या जागेत. वर स्लॅब, खाली काँक्रीट, बाजूला नुसते खांब आणि एक लांब भिंत. टँकरवरून भांडण पेटलं. कोण कुणाला काय म्हणतंय कळेना, जो तो आवाज चढवत होता. सेक्रेटरी हिंदीत ओरडत होते, "सुनो तो सही!" काकांनी उठून एक टाळी वाजवली. सगळे दचकून गप्प झाले.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "ही टाळी अजून फिरतेय. तुम्ही भांडत नाही आहात, तुम्हाला ऐकू येत नाहीये. गच्चीवर चला."

लोक हसले, पण गेले. गच्चीवर, मिठागरांकडून येणाऱ्या वाऱ्यात, टँकरचा विषय लवकरच मिटला. भांडण संपलं असं मी म्हणणार नाही. पण मुद्दा काय आहे ते सगळ्यांना पहिल्यांदा कळलं.

महिन्यातून एकदा ते बसने घोडबंदर रोडला जाऊन चेण्याला उतरायचे आणि नदीकाठच्या झाडीत तासभर बसून यायचे. कान धुवायला जातोय, असं सांगून निघायचे. बिल्डिंगमधल्या मुलांना याचं फार हसू यायचं.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते.

नवघरात आल्यापासून आमच्या सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. परळला आमचं काही वाईट नव्हतं. भांडायचो, पण बोलायचो. इथे मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं तर नुसतं "हं". कधी भलतंच उत्तर. मी म्हटलं, "आई, भात लावू?" तर म्हणाल्या, "येईल तो सातपर्यंत." आणि गंमत म्हणजे माझ्या नवऱ्याशी बोलायच्या. तो काही बोलला की वळून बघायच्या, उत्तर द्यायच्या. मला आणखी काय पुरावा हवा होता? त्यांना परळ सोडायचं नव्हतं, फ्लॅटचा हट्ट माझा होता, राग माझ्यावर होता. मीही बोलायचं कमी केलं. सहा महिन्यांत अशी वेळ आली की दिवसभरात आम्ही एकमेकींशी चार शब्द बोलत नव्हतो. भाभींनी एकदा जिन्यात विचारलंसुद्धा, "आपकी सासूजी आपसे बात नहीं करतीं क्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी नवऱ्याने नाशिकच्या भावजींना, त्याच्या भावाला, पत्र टाकलं. आईंना काही दिवस तिकडे घेऊन जा. 'काही दिवस' म्हणजे काय ते मला, नवऱ्याला आणि भावजींनाही माहीत होतं. हे ठरलं ते आमच्या हॉलमध्येच, आईंच्या समोर. बोलत मीच होते, नवरा खालच्या आवाजात हो-ना करत होता. त्या खाटेवर बसून वाती वळत होत्या. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आई, तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. नवरा म्हणाला, "बघ, काही म्हणणं नाही."

त्यानंतरच्या रविवारी काका मासिक घेऊन आले. मी वाचत होते, आई खाटेवर. मधेच मी आईंना चहाचं विचारलं. उत्तर आलं नाही. मी नेहमीसारखी कपाळाला आठी घालून उठले. काका मात्र आईंकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, या तुमच्या तोंडाकडे बघतात."

"म्हणजे?"

"डोळ्यांकडे नाही बघत. ओठांकडे बघतात. चोवीस वर्षं मी तसाच बघत होतो, मला ओळखू येतं. त्यांना ऐकू येत नाहीये."

"आमच्या ह्यांचं येतं की," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "माझंच तेवढं येत नाही!"

"बरोबर आहे," काका शांतपणे म्हणाले. "बारीक आवाज आधी जातो. बायकांचे जातात, मुलांचे जातात, पुरुषांचे राहतात. माझी सतार गेली, डग्गा राहिलाय. त्यात तुमचा हॉल असला. एक शब्द पोचायच्या आत आधीचा त्याच्यावर येऊन पडतो. परळच्या खोलीत काय होतं? ट्रंका, गाद्यांचा ढीग, दोरीवर कपडे. मऊ खोली होती ती."

मला पटलं नव्हतं, खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंही नव्हतं. सहा महिन्यांचा राग असा एका वाक्यात कुणी काढून घेतला तर हातात काय उरतं?

काकांनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, तोंडासमोर वही धरायला सांगितली. आईंच्या जवळ जाऊन त्यांना मोठ्याने म्हणाले, "आजी, ही सांगेल ते तुम्ही म्हणायचं. खेळ आहे." मग मला म्हणाले, "पाट म्हणा. ताट म्हणा. काठ, खाट, लाट. एकेक."

मी "पाट" म्हटलं. आई म्हणाल्या, "खाट."

मी "ताट" म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाट?" आणि परीक्षेत नापास होणार हे कळलेलं मूल बघतं तशा माझ्याकडे बघायला लागल्या. दहा शब्दांत तीन बरोबर आले. शेवटी शेवटी त्या बोलायच्याच थांबल्या. मला आता कळलं, घरात त्या का बोलायच्या थांबल्या होत्या. चुकण्यापेक्षा गप्प बसणं बरं.

काका वर गेले आणि आपल्या खोलीच्या भिंतीवरच्या गोधड्या काढून घेऊन आले. मागोमाग काकू, वळकटी डोक्यावर. पाठोपाठ सतरंजी, दोन चौकटी. नवरा बाजारातून आला तेव्हा मी स्टुलावर चढून माझ्या त्या पांढऱ्या भिंतीत खिळे ठोकत होते. तो बघतच राहिला. काकांनी सतरंजी खाली पसरली, खिडकीला चादर लावली, एका लांब भिंतीला गोधड्या आणि खाटेमागे चौकटी. खाट उचलून स्वयंपाकघराच्या दाराजवळ आणली. मग टाळी. 'टर्रर' गेला होता. टाळी नुसती टाळी झाली होती.

मी पुन्हा दारात उभी राहिले, तोंडासमोर वही.

"पाट."

"पाट," आई म्हणाल्या.

"काठ."

"काठ."

"लाट."

"लाट. अगं, ओरडतेस कशाला? येतंय ऐकू."

दहात आठ. मी वही खाली केली तर मला समोरचं नीट दिसेना. काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बस आता, चहा टाक."

भावजी दिवाळीनंतर आले, ठरल्याप्रमाणे. ठरलेलं मोडू या, असं मीही नवऱ्याला म्हटलं नव्हतं. तोवर काकांच्या चौकटी, गोधड्या, सतरंजी सगळं परत गेलं होतं आणि गाद्यांच्या दुकानातला कापूस आणून आम्ही आमच्या चौकटी केल्या होत्या. हॉल बघून भावजी म्हणाले, "हे काय, गोदाम केलंत का घराचं?" जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. आई, उद्या सकाळच्या गाडीने निघू. कपडे भरून ठेव.

"कुठे निघायचं?" आई म्हणाल्या.

नवरा गडबडला. "आई, आपलं ठरलं होतं ना. तुझ्यासमोरच ठरलं. तुला विचारलंही होतं. तू काही बोलली नाहीस."

आईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ऐकू आलं असतं तर बोलले असते," त्या म्हणाल्या.

मग आई मला म्हणाल्या, "तुझं काय म्हणणं आहे? मी जाऊ?" मी नाही म्हणाले. तोंड झाकून घेतलं होतं मी पदराने, तरी त्यांना ऐकू गेलं.

पुढे सात वर्षं आई आमच्याकडेच होत्या. आम्ही पुष्कळ भांडलो.

त्या सात वर्षांत काकांचे उरलेले कानही गेले. एकदम नाही. आधी फोनची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी. एका उन्हाळ्यात काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "दोन महिने झाले, रेकॉर्ड लावली नाही. मला म्हणतायत, तुझी बेडरूम तू परत घे. सगळं काढायचं म्हणतायत." त्यांना बेडरूम नको होती, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

मी रविवारी दुपारी वर गेले. काका खरंच स्क्रू ड्रायव्हर घेऊन पहिली चौकट काढत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले, त्यांना ओठ दिसतील अशी. म्हटलं, "काढू नका. आधी मला एक रेकॉर्ड ऐकवा."

"तुम्हाला?" ते म्हणाले.

त्यांचं आश्चर्य बघून मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत मासिकं वाचली होती, आरसा धरला होता, खिळे हातात दिले होते. पण बसून ऐकवा, असं कधी म्हटलं नव्हतं. मीच काय, कुणीच म्हटलं नव्हतं.

काकांनी खुर्ची जागेवर आणली. मला बसवलं. माझी उंची कमी, म्हणून बुडाखाली उशी दिली, मग दोऱ्याने माझ्या कानापासून दोन्ही स्पीकरांपर्यंतचं अंतर मोजलं. खुर्ची दोन बोटं मागे घेतली. मग सारंगीची रेकॉर्ड लावली, आणि स्वतः समोर, भिंतीला टेकून, माझ्याकडे तोंड करून खाली बसले.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण थोड्या वेळाने त्या दोन पेट्या खोलीतून नाहीशा झाल्या, आणि जिथे काहीच नव्हतं, सतरंजीवर, तिथे कुणीतरी बसून वाजवतंय असं वाटायला लागलं. गज तारेवर टेकायच्या आधीचं खरखरणं ऐकू येत होतं. नखांचं तारेवरून घसरणं ऐकू येत होतं. काकांनी एकदाही नजर हलवली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत ते आख्खी बाजू बसून होते.

रेकॉर्ड संपली.

"वाजवणारा मधे श्वास घेतो का हो?" त्यांनी विचारलं. "मोठी तान घ्यायच्या आधी?"

मी मान हलवली. घेत होता. दोनदा अगदी स्वच्छ ऐकू आला होता.

"घेत असणार," काका म्हणाले. "मला तो कधीच आला नाही. ही खोली केली तेव्हाही नाही. पण असणार, असं वाटायचं."

मग ते उठले, खाली पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "बसा, दुसरी बाजू लावतो."